वाचकांचे प्रश्न : पोलिश ‘मॉच’ आणि मराठी ‘शकणे’

गेल्या अंकात जालन्याच्या एका वाचकांनी विचारलेल्या पोलिश शब्दाचा अर्थ या सदरात ‘शक्ती’ असा एका ओळीत दिला होता. तो अर्थ चुकीचा नव्हता, पण अपुरा होता, आणि तसे सांगणारी पत्रे मराठवाड्याच्या निरनिराळ्या गावांतून आली. कोणाला तो शब्द यंत्रावर दिसला, कोणाला पत्रात, कोणाला करारनाम्यात, आणि प्रत्येक ठिकाणी ‘शक्ती’ हा अर्थ लावून पाहिल्यावर वाक्य अडले. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच शब्दासाठी ठेवले आहे.

आधी उच्चाराविषयी. हा शब्द रोमन लिपीत एम, ओ, सी अशा तीन अक्षरांनी लिहितात, त्यामुळे आपल्याकडे तो सहज ‘मोक’ असा वाचला जातो. पोलिशमधल्या त्या शेवटच्या अक्षराचा उच्चार मात्र आपल्या ‘चाक’ आणि ‘चूल’ या शब्दांतल्या दंत्य च-सारखा आहे, ‘चिमणी’तल्या तालव्य च-सारखा नव्हे. हिंदी बोलणाऱ्याला या उच्चाराची मुद्दाम सवय करावी लागते; मराठी माणसाच्या तोंडात तो जन्मापासून आहे. म्हणून पुढे सर्वत्र मी ‘मॉच’ असे लिहिले आहे आणि त्यातला च ‘चाका’चा आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आमच्या कारखान्यात पोलंडहून एक जुनी मोटर आली आहे. तिच्या पाटीवर ‘मॉच 7,5’ असे आहे आणि सोबतच्या कागदावर तीच मोटर 10.2 घोड्यांची म्हटली आहे. आमच्या हिशेबाने 7.5 किलोवॅट म्हणजे 10 एचपी. मग हा फरक कशाचा? आणि ‘शक्ती’ म्हणजे नेमकी कोणती शक्ती? — एक वाचक, जालना

आपण पाठवलेले पाटीचे छायाचित्र मी मोठे करून पाहिले. पाटीवर तेलाचे डाग आहेत आणि एका कोपऱ्यातला रिव्हेट निखळला आहे, पण अक्षरे शाबूत आहेत. पहिल्या ओळीत ‘मॉच’, तिच्याखाली विद्युतदाब, मग प्रवाह, मग मिनिटाला होणारे फेरे. 7 आणि 5 यांच्यामध्ये टिंब नसून स्वल्पविराम आहे, कारण पोलंडमध्ये दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविरामच वापरतात. हा आकडा पंच्याहत्तर असा वाचला गेला तर वायरिंगपासून स्टार्टरपर्यंत सगळेच चुकेल, म्हणून ही गोष्ट आधी सांगितली.

यंत्राच्या पाटीवरील ‘मॉच’ म्हणजे भौतिकशास्त्रातील शक्ती, म्हणजेच दर सेकंदाला होणारे काम. आपल्या शालेय पुस्तकांत बल, ऊर्जा आणि शक्ती असे तीन वेगळे शब्द आहेत; पोलिशमध्येही त्यांच्यासाठी तीन वेगळे शब्द आहेत. बल म्हणजे ‘शीवा’, ऊर्जा म्हणजे ‘एनेर्ग्या’ आणि शक्ती म्हणजे ‘मॉच’. मोटरच्या पाटीवरचा हा आकडा दांड्यावर मिळणाऱ्या यांत्रिक कामाचा असतो, मोटर विजेच्या तारेतून किती ओढते त्याचा नसतो; 7.5 किलोवॅटची मोटर पूर्ण भारावर तारेतून त्याहून जास्तच घेणार, हे आपण मीटरवर रोज पाहत असालच.

आता घोड्यांचा हिशेब. पोलंडमधला ‘यांत्रिक घोडा’ हा मेट्रिक आहे. 75 किलो वजन एका सेकंदात 1 मीटर उचलण्याइतके काम म्हणजे एक घोडा, आणि तो 735.5 वॅटचा भरतो. आपल्याकडे रूढ झालेला एचपी ब्रिटिश मापाचा, सुमारे 746 वॅटचा. त्यामुळे 7.5 किलोवॅटमध्ये त्यांचे घोडे 10.2 बसतात आणि आपले 10. मोटर तीच, घोडा थोडा लहान. ज्यांनी विहिरीवर मोट चाललेली पाहिली आहे त्यांना हे माप लगेच उमगेल : पाण्यासकट 150 किलोची मोट सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने वर येत असेल, तर बैलजोडी बरोबर एका मेट्रिक घोड्याचे काम करीत आहे.

याच वापराचा आणखी एक धागा आपल्या कामाचा आहे. पोलिश वीजकरारात ‘मॉच उमॉव्ना’ असा शब्द येतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘ठरलेली शक्ती’ असला, तरी आपल्या वीजबिलावर ज्याला ‘मंजूर भार’ म्हणतात त्याच्याच जवळपासची ती गोष्ट आहे. म्हणजे ज्या ठिकाणी पोलिश माणूस ‘मॉच’ म्हणतो, तिथे आपण ‘भार’ म्हणतो. कारखान्याच्या उत्पादनक्षमतेलाही ते याच शब्दाचे अनेकवचन वापरतात. आपल्या साखर कारखान्यांच्या संदर्भात बोलायचे तर ‘गाळप क्षमता’. शब्दकोशातला पहिला अर्थ घेऊन बसले की अशा ठिकाणी भाषांतर फसते.

प्रश्न : माझी मुलगी पोलंडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेते. ती ज्यांच्या घरी राहते त्या बाईंनी आम्हाला दिवाळीच्या शुभेच्छा देणारे एक कार्ड पाठवले. मोबाइलवर भाषांतर केले तर ‘शुभेच्छांची आणि आलिंगनांची शक्ती’ असे आले. मुलीच्या वहीत ‘पॉमॉच’, ‘प्शेमॉच’ आणि ‘न्येमॉच’ असेही शब्द आहेत. हे सगळे एकाच कुळातले आहेत का? — एक पालक, लातूर

आहेत, आणि आपला प्रश्न या सगळ्या पत्रांत मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण त्यामुळे या शब्दाच्या मुळाशी जाता येते.

कार्डापासून सुरुवात करतो. त्या बाईंनी ‘मॉच पॉझ्द्रोव्येन’ असे लिहिले आहे. इथे ‘मॉच’चा अर्थ ‘पुष्कळ’ असा आहे. आधी ‘मॉच’ आणि त्यानंतर एखाद्या नामाचे षष्ठीचे अनेकवचन ठेवले की ‘अमक्यांची रेलचेल’ असा अर्थ होतो. ‘मॉच लूजी’ म्हणजे पुष्कळ माणसे. षष्ठी पाहून यंत्राने ‘शुभेच्छांची शक्ती’ केले. खरे भाषांतर ‘अनेकानेक शुभेच्छा आणि प्रेमाच्या मिठ्या’ असे होईल, आणि लातूरच्या घरगुती बोलीत ‘मायंदाळ’ म्हटले तरी त्या बाईंच्या मनातला भाव बिघडणार नाही. शक्तीच्या शब्दावरून विपुलतेच्या शब्दावर जाणे आपल्यालाही परके नाही. ‘जबर’ म्हणजे बलवान, पण आपण ‘जबर खर्च आला’ असे म्हणतो तेव्हा बळ कोणाच्या मनात नसते, मोठेपणाच असतो. शेजारच्या चेक भाषेत तर हाच शब्द इतका झिजला आहे की तो ‘फार’ या अर्थाने दिवसभर वापरला जातो.

आता मूळ. ‘मॉच’ हे नाम ‘मूच’ या क्रियापदापासून आले आहे, आणि ‘मूच’ म्हणजे शकणे. ‘मॉगे’ म्हणजे मी करू शकतो. ‘मॉझे’ म्हणजे तो करू शकतो, आणि तोच शब्द नुसता उच्चारला तर ‘कदाचित’. त्यापासून ‘मॉझ्लीवोश्च’, म्हणजे शक्यता. आता आपल्याकडे पाहा. संस्कृतात ‘शक्’ धातूचा अर्थ समर्थ असणे. त्यापासून शक्ती, शक्य, शक्यता हे शब्द आले आणि मराठीत ‘शकणे’ आले. ‘मूच’पासून ‘मॉच’, ‘शक्’पासून ‘शक्ती’. दोन्ही भाषांनी ‘शक्ती’ हे नाव ‘जो करू शकतो’ त्या शकण्यालाच दिले आहे.

या दोन शब्दांचे धातू मात्र एक नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पोलिश धातू ‘मोग्’ हा जर्मन ‘माख्त’ आणि इंग्रजी ‘माइट’ यांचा सख्खा आहे. ‘शक्’चे घराणे वेगळे. पण धातूपुढचा प्रत्यय एकच आहे. ‘शक्’ला ‘ति’ लागून ‘शक्ति’ झाले, जसे गम्-पासून गती आणि कृ-पासून कृती; पोलिश आणि चेक ज्या भाषेतून निघाल्या त्या प्राचीन स्लाव्ह भाषेत ‘मोग्’ला तोच ‘ति’ लागला. पुढे पोलिशमध्ये त्या क्त-सारख्या जोडाक्षराचा ‘चाका’चा च झाला. हा बदल नियमाने घडलेला आहे, आणि त्याचा पुरावा रात्रीच्या शब्दात मिळतो : संस्कृत ‘नक्त’, लॅटिन ‘नॉक्त’, आणि पोलिश ‘नॉच’. आपल्याकडे दिवसभर उपवास करून रात्रीच जेवण्याच्या व्रताला ‘नक्त’ म्हणतात. तो ‘नक्त’ आणि वॉर्सातली ‘नॉच’ या खरोखरीच्या बहिणी आहेत. ‘मॉच’ आणि ‘शक्ती’ या बहिणी नाहीत, पण एकाच शिंप्याने दोघींची झालर शिवली आहे, आणि म्हणूनच दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत.

मुलीच्या वहीतले तीन शब्द आता सहज उलगडतील. ‘पॉमॉच’ म्हणजे मदत. ‘पहिली पॉमॉच’ म्हणजे प्रथमोपचार, आणि संकटात सापडलेला माणूस ‘पॉमॉची!’ असे ओरडतो, जसे आपण ‘वाचवा!’ म्हणू. ‘प्शेमॉच’ म्हणजे हिंसा. ‘प्शे’ या उपसर्गात वरून, पार, मात करून असा भाव आहे, म्हणजे दुसऱ्यावर मात करणारी शक्ती. कौटुंबिक हिंसाचाराला पोलिशमध्ये हाच शब्द आहे. एकाच मुळापासून मदत आणि हिंसा या दोन्ही गोष्टींना नावे मिळावीत, याचे मला पहिल्यांदा फार नवल वाटले होते. मग आपल्या ‘बळ’ या शब्दाकडे लक्ष गेले. आपण खचलेल्या माणसाला ‘बळ देतो’, आणि ‘बळजबरी’ही त्याच बळाची.

तिसरा शब्द ‘न्येमॉच’, आणि तो मराठीत जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. ‘न्ये’ म्हणजे नाही. ‘न्येमॉच’ म्हणजे अशक्ती, अशक्तपणा. जुन्या पोलिशमध्ये तो आजारपणाला म्हणत असत. चेक भाषेत आजही आजाराला हाच शब्द आहे. आजच्या पोलिश रुग्णालयात आजाराला ‘होरोबा’ म्हणतात आणि ‘न्येमॉच’ ग्रंथांत किंवा गंभीर लेखनात, हतबलता या अर्थाने येतो, एवढे मुलीने ध्यानात ठेवावे. आपल्याकडेही तापातून उठलेले माणूस ‘अशक्तपणा आलाय’ असेच म्हणते. त्यातही मराठीने एक पाऊल पुढे टाकले आहे. ‘मला जिना चढवत नाही’, ‘आजीला आता बसवत नाही’ या वाक्यांतल्या क्रियापदांना आपले व्याकरण ‘शक्य क्रियापद’ म्हणते. इथे शकण्यासाठी वेगळे क्रियापद लागत नाही, ‘चढणे’ आणि ‘बसणे’ यांच्या रूपातच शक्ती असणे-नसणे मुरलेले आहे. आपल्या भागातली म्हातारी माणसे ‘माह्याच्यानं होईना’ म्हणतात, त्यात तर कर्ता स्वतःच तृतीयेत जाऊन साधन होतो. हे पोलिशमध्ये सांगायचे तर ‘मूच’ला नकार जोडावा लागेल.

मुलगी वैद्यकीय शिकते आहे म्हणून आणखी दोन वापर सांगतो. औषधाच्या गोळीत घटकद्रव्य किती आहे यालाही पोलिश औषधपत्रकात ‘मॉच’ म्हणतात. आपल्या मेडिकल दुकानात ‘पाचशेची गोळी द्या’ म्हणतो, त्यातले ‘पाचशे’ म्हणजे तिची ‘मॉच’. चष्म्याच्या भिंगाच्या बाबतीतही हाच शब्द. तिथे आपण ‘नंबर’ म्हणतो. आणि घरमालकीणबाईंनी ‘मॉच्ना हेर्बाता’ हवा का असे विचारले, तर त्या कडक चहाविषयी विचारत आहेत. आपल्या चहाच्या मानाने तो बिनदुधाचा आणि काचेच्या पेल्यातला असेल, पण रंगावरून कडक की फिका हे त्याही ओळखतात.

प्रश्न : एका अशिलाच्या करारनाम्याच्या भाषांतरात ‘कलम 12 च्या शक्तीवर’ असे शब्द आले आहेत. मूळ पोलिशमध्ये ‘ना मॉची’ आहे. हे भाषांतर न्यायालयात चालेल का? — एक वकील, नांदेड

हे भाषांतर दुरुस्त करून घ्यावे. ‘ना मॉची’ हा कायद्याच्या भाषेतला ठराविक प्रयोग आहे आणि त्याला मराठीत ‘अन्वये’ हाच शब्द आहे : कलम 12 अन्वये. कधी हाच अर्थ नुसत्या विभक्तीने येतो. ‘मॉचॉं’ या रूपात पोलिश तृतीया आहे, म्हणजे शब्दशः ‘कायद्याच्या बळाने’. मॉच, मॉची, मॉचॉं ही वेगवेगळी दिसणारी रूपे एकाच शब्दाची आहेत, जशी शक्ती, शक्तीने, शक्तीला.

कायदा रद्द होतो तेव्हा तो ‘मॉच गमावतो’, म्हणजे त्याचा अंमल संपतो. सुरू होताना मात्र पोलिश कायदा ‘जीवनात प्रवेश करतो’, असा त्यांचा वाक्प्रचार आहे. आपल्या ‘अमलात येणे’ या प्रयोगात अरबी ‘अमल’ आहे, आणि 1948 पर्यंत ज्या प्रदेशाचा राजव्यवहार उर्दूत चालला त्या आपल्या भागातल्या जुन्या दस्तऐवजांत असे शब्द पानोपानी भेटतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. राज्यसत्ता या अर्थाने पोलिशमध्ये ‘मॉच’ वापरत नाहीत. तिथे ‘व्वाद्झा’ हा शब्द आहे. पोलंडच्या 1997 च्या राज्यघटनेत हे दोन्ही शब्द आपापल्या जागी आहेत. चौथ्या कलमात सर्वोच्च सत्ता राष्ट्राची आहे असे म्हटले आहे, तिथे ‘व्वाद्झा’ आहे. आणि 190 व्या कलमात घटनात्मक न्यायाधिकरणाचे निर्णय सर्वांवर बंधनकारक असतील असे म्हटले आहे, तिथे त्या बंधनकारकतेसाठी ‘मॉच’ आहे. सत्ता कोणाची हा एक प्रश्न, आणि निर्णयाला वजन किती हा दुसरा. मराठीत आपण ‘अधिकार’ हा एकच शब्द दोन्हीकडे लावतो आणि मग वाद ओढवून घेतो. भाषांतरकाराने इथे तरी हे दोन शब्द वेगळे ठेवावेत. दांडगाईने एखादी गोष्ट करवून घेण्याला तिसराच प्रयोग आहे, ‘ना शीवे’, आणि त्याला आपला ‘बळेच’ अगदी चपखल बसतो.

प्रश्न : मी चाळीस वर्षे गणित शिकवले. गणिताच्या एका पोलिश पुस्तकाच्या भाषांतरात ‘संचाची शक्ती’ असा उल्लेख वाचला. हा घात आहे की दुसरे काही? — एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

घात नाही. संचाची ‘मॉच’ म्हणजे त्या संचात घटक किती आहेत याचे माप. 1, 2, 3 या घटकांच्या संचाची मॉच 3. त्याच्या सर्व उपसंचांचा जो संच, म्हणजे घातसंच, त्याची मॉच 8. इथपर्यंत ‘घटकांची संख्या’ म्हटले तरी काम भागते आणि आपली पाठ्यपुस्तके तसेच म्हणतात. पण अनंत संच आले की संख्या हा शब्द अपुरा पडतो. सगळ्या नैसर्गिक संख्या आणि त्यांतल्या फक्त सम संख्या यांची एकास एक जोडी लावता येते, म्हणून त्यांची मॉच सारखी. वास्तव संख्यांशी मात्र अशी जोडी लावता येत नाही, त्यांची मॉच मोठी. गणितज्ञ गेऑर्ग कँटर याने एकोणिसाव्या शतकात जर्मनमध्ये यासाठी जो शब्द योजला तो ‘माख्त’पासून झालेला होता, आणि पोलिश गणितज्ञांनी त्याच कुळातला आपला शब्द त्याच्यासमोर ठेवला.

पोलंडमध्ये हा शब्द नुसता भाषांतरापुरता राहिला नाही. देश स्वतंत्र झाल्यावर दोनच वर्षांत, 1920 मध्ये, वॉर्सात ‘फुंदामेंता मातेमातिके’ हे नियतकालिक सुरू झाले आणि संचसिद्धान्त हा त्याचा मुख्य विषय होता. पोलिश गणितज्ञ वात्स्वाव शेर्पिंस्की यांनी आयुष्याचा मोठा भाग अनंत संचांच्या मॉचेचा अभ्यास करण्यात घालवला. नव्याने उभ्या राहणाऱ्या देशातल्या गणितज्ञांनी सगळीकडे थोडे थोडे करण्यापेक्षा एका शाखेत जगाच्या पुढे जायचे ठरवले आणि ते करून दाखवले, ही हकीकत मला फार थोर वाटते, आणि आपण इतकी वर्षे वर्गात उभे राहिलात म्हणून आपल्याला ती मुद्दाम सांगावीशी वाटली.

आपण ज्याला घात म्हणता त्याला पोलिशमध्ये ‘पॉतेंगा’ असा वेगळा शब्द आहे : दोनचा तिसरा घात म्हणजे दोनची तिसरी पॉतेंगा. एरवी त्याचा अर्थ प्रचंड सामर्थ्य, बलाढ्य राष्ट्र. तो लॅटिन ‘पोतेन्तिया’सारखा ऐकू येतो, पण त्याचे नाते दणकट या अर्थाच्या स्लाव्ह शब्दाशी आहे.

प्रश्न : मी कृषी पदवीचा विद्यार्थी आहे. परदेशी शेतीवरच्या मराठी लेखांत ‘पोटेन्शिअल’साठी कुठे ‘विभव’, कुठे ‘क्षमता’, कुठे ‘संभाव्यता’ असे छापलेले असते. पोलिशमध्ये शक्तीच्या शब्दातच ही छटा असेल, तर तिच्यासाठी मराठीत कोणता शब्द घ्यावा? — एक विद्यार्थी, परभणी

पोलिशमध्ये आधुनिक व्यवहारासाठी लॅटिनवरून घेतलेला ‘पॉतेंच्याव’ हा शब्द आहे, आणि विजेच्या अभ्यासातही तोच. पण तत्त्वज्ञानात, अ‍ॅरिस्टॉटलने सांगितलेल्या ‘प्रत्यक्षात असणे’ आणि ‘होण्याची पात्रता असणे’ या जोडीतल्या दुसऱ्या पदासाठी, पोलिश ग्रंथकार ‘मॉझ्नोश्च’ हा देशी शब्द वापरतात. तो ‘मूच’पासूनचाच. बीज हे झाड नाही, पण झाड होऊ शकते. त्या ‘होऊ शकते’चे ते नाम. म्हणजे मॉच आणि मॉझ्नोश्च, शक्ती आणि शक्यता, दोन्हीकडे सख्ख्या भावंडांसारख्या शेजारी उभ्या आहेत.

मराठीत एकच शब्द सगळीकडे चालवू नये. विजेच्या संदर्भात ‘विभव’ ठीक. शेतीच्या लेखात तो वाचकाला कोड्यात टाकतो. गणिती अर्थाने ‘संभाव्यता’ म्हणजे एखादी घटना घडण्याचे प्रमाण. तिचा जमिनीच्या अंगभूत गुणाशी संबंध नाही. ‘क्षमता’ चालेल, पण तो शब्द कारखान्याच्या आकड्यासारखा कोरडा आहे. शेतीसाठी आपल्याकडे फार पूर्वीपासून ‘मगदूर’ हा शब्द आहे. ‘जमिनीचा मगदूर पाहून पीक घ्यावे’ असे आपले वडीलधारे म्हणतात तेव्हा ते आज काय उगवले आहे याविषयी बोलत नसतात. माती किती खोल, पाणी किती धरते, कोणत्या पिकाला पोसू शकेल, याविषयी बोलत असतात. आपल्या भागात गोदाकाठची खोल काळी जमीन आणि बालाघाटच्या उतारावरची वीतभर मुरमाड जमीन एकाच पावसात भिजतात, पण सोयाबीन काढल्यावर एकीत नुसत्या ओलीवर हरभरा येतो आणि दुसरीला पाणी द्यावे लागते. हा फरक मगदुराचा.

या शब्दाचे मूळही आपल्या आजच्या विषयात बसते. ‘मगदूर’ म्हणजे अरबी ‘मकदूर’, आणि तो क-द-र या धातूपासून आला. त्याच धातूपासून ‘कुदरत’. त्या धातूचा मुख्य अर्थही समर्थ असणे, शकणे असाच आहे. ‘त्याची काय मगदूर!’ असे आपण रागाने म्हणतो तेव्हा ‘तो काय करू शकणार’ हेच म्हणत असतो. इथे तो शब्द स्त्रीलिंगी होतो आणि जमिनीपाशी पुल्लिंगी, हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे. आपण आपल्या लेखात पोलंडच्या बीट-शेतीविषयी लिहिणार असाल, तर साखर कारखान्याच्या ‘मॉच’साठी गाळप क्षमता, यंत्राच्या ‘मॉच’साठी शक्ती आणि जमिनीच्या ‘पॉतेंच्याव’साठी मगदूर असे तीन वेगळे शब्द योजावेत. लेख छापून आला की अंक पाठवावा.